पाटणकडच्या पत्र्याला कोणते स्क्रू घालावेत?

प्रश्न थोडक्यात असा: पाटण तालुक्यात कोयनेच्या बाजूला घर, त्याला लागूनच गोठा. सहा वर्षांपूर्वी दोन्हींवर गॅल्व्हल्यूमचे पत्रे टाकले. पत्रे अजून चांगले आहेत, पण स्क्रूची डोकी तांबरली, त्यांच्याखाली तांबडे ओघळ आले आणि गेल्या पावसाळ्यात दोन-तीन ठिकाणी गळायला लागलं. दुकानदार म्हणतो, एसएसचे म्हणजे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घाला, कायमची कटकट मिटेल. शेड करून दिलेला मिस्त्री म्हणतो, होते तसलेच घाला आणि वरून सिलिकॉन मारा. कुणाचं ऐकावं?

जसंच्या तसं कुणाचंच ऐकू नका. मी कराडात असतो. पश्चिमेला पाटण-जावळी ते पूर्वेला तासगाव-कवठेमहांकाळ एवढ्या पट्ट्यात घरं, गोठे, पोल्ट्री, बेदाण्याची शेडं अशी पत्र्याची कामं करतो. एकाच दुकानातला, एकाच खोक्यातला स्क्रू कोरड्या जतला दहा वर्षं टिकलेला आणि कोयनेकडच्या ओल्या हेळवाकला तीन वर्षांत लाल झालेला मी पाहिला आहे. म्हणून ‘चांगला स्क्रू कोणता’ याला एकच उत्तर नाही. स्क्रू कुठल्या पत्र्यात जाणार, तिथं पाणी किती वेळ बसून राहणार आणि पत्र्याखाली काय आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय स्क्रूचं नाव घेण्यात अर्थ नाही.

आधी स्क्रू लवकर का जातो ते बघू. पत्रा आणि स्क्रू दोन्ही मुळात लोखंडच. दोघांनाही वाचवतो तो वरचा पातळ थर. तुमच्या गॅल्व्हल्यूमवर साधारण ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३ टक्क्यांच्या वर जस्त आणि थोडं सिलिकॉन असं मिश्रण असतं. ‘एझेड १५०’ म्हणून विकला जाणारा पत्रा असेल तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम, म्हणजे एका बाजूला जवळपास २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हा थर साध्या जस्तापेक्षा बराच सावकाश झिजतो. आता स्क्रूकडे बघा. शेडवाले सर्रास वापरतात तो चकचकीत सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारा) स्क्रू विजेच्या प्रक्रियेनं जस्ताचा मुलामा दिलेला असतो. त्यावर ५ ते ८ मायक्रॉन जस्त असलं तरी नशीब म्हणायचं. म्हणजे थर तिसरा हिस्सा आणि वर धातूही लवकर झिजणारा. असा स्क्रू त्या पत्र्याआधी जाणारच. त्यात नवल नाही आणि मिस्त्रीनं मुद्दाम फसवलं असंही नाही. बहुतेकांना हा हिशेब कुणी सांगितलेलाच नसतो.

आता हवेचं. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे गंज चढण्याच्या दृष्टीनं वर्ग पाडले आहेत. सौम्य म्हणजे सी-२ वर्गात उघडं जस्त वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन झिजतं, मध्यम म्हणजे सी-३ मध्ये ०.७ ते २.१. तुमचा पट्टा मी सी-३ च्या वरच्या अंगाला धरतो. तिथला पाऊस तसा स्वच्छ असतो, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्रा कोरडाच होत नाही. पाऊस थांबला की धुकं, धुकं उठलं की पुन्हा भुरभुर. गंजाला किती पाणी पडलं यापेक्षा किती तास ओल राहिली हे महत्त्वाचं. वर्षाला दीड मायक्रॉन धरलं तर ६ मायक्रॉनचा मुलामा चार वर्षांत संपतो. तुमचे स्क्रू सहा वर्षांत लाल झाले, म्हणजे हिशेबाला धरूनच झाले. उलट जत-आटपाडीकडे, जिथं वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि चार तासांत पत्रा वाळून कडकडीत, तिथं तोच मुलामा दहा-बारा वर्षं काढतो. तिकडच्या शेतकऱ्यानं महागडे स्क्रू मागितले तर मी त्याला कित्येकदा नको म्हणतो. तोच पैसा पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्या आडव्या लोखंडी पाईपांवर बसतो त्यांच्या, रंगावर घालायला लावतो.

एक चांगली गोष्ट अशी की आपल्याकडे समुद्राचं मीठ नाही. रत्नागिरी-दापोलीचे पाहुणे ‘आमच्याकडे ३१६ शिवाय चालत नाही’ म्हणतात (३१६ हा स्टेनलेसचा एक ग्रेड) ते त्यांच्या जागी बरोबर आहे. सह्याद्रीच्या अलीकडे ते परिमाण लावायची गरज नाही.

दुकानदाराचं एसएस

एसएस म्हटलं की विषय संपला असं लोकांना वाटतं, म्हणून इथं जरा थांबतो.

दुकानात ‘एसएस सेल्फ ड्रिलिंग’ म्हणून मिळतो तो बहुतेक ४१० ग्रेडचा असतो. कारण साधं आहे. ३०४ किंवा ३१६ चं पोलाद मऊ राहतं, त्याला पाणी देऊन कडक करता येत नाही, त्यामुळं त्याचं टोक लोखंडी पर्लिन भेदू शकत नाही. ४१० कडक होतं, भोक पाडतं, पण गंजाच्या बाबतीत ते ३०४ च्या जवळपासही नाही. ओल्या जागी त्यावर तांबूस डाग येतात. चुंबक लावून बघा. ४१० ला चुंबक खटकन चिकटतं, ३०४ ला चिकटत नाही किंवा जेमतेम ओढ लागते. खऱ्या ३०४ चा स्क्रू लोखंडी पर्लिनमध्ये मारायचा असेल तर दोन धातूंचा घ्यावा लागतो: अंग ३०४ चं, पुढचं ड्रिलचं टोक कार्बन स्टीलचं जोडलेलं. तो मिळतो, पण महाग असतो आणि तालुक्याच्या दुकानात सहसा नसतो, मागवावा लागतो.

समजा मागवला. तरी गॅल्व्हल्यूमच्या पत्र्यावर, कायम ओल्या जागी, तो माझी पहिली पसंती नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी असलं की त्यातला कमकुवत धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम-जस्त यांच्या जोडीत झिजणार तो पत्र्याचा थर. इथं एक बाजू मान्य करतो. स्क्रू लहान आणि पत्रा प्रचंड, त्यामुळं ही झीज मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते आणि पूर्वेकडच्या कोरड्या भागात ती जाणवतही नाही. पण वॉशरच्या कडेखाली जिथं पाणी आणि धूळ अडकून राहते तिथं ती एकाच जागी होते, आणि नेमकी ती जागा म्हणजे भोकाची कड. स्क्रू शाबूत आणि भोवतालचा पत्रा गेलेला, अशी अवस्था झाली तर नुकसान मोठं. स्क्रू बदलता येतो, पत्रा बदलायचा म्हणजे सगळं उकलणं आलं. झिंक-ॲल्युमिनियम थराचे पत्रे बनवणाऱ्या कंपन्याही स्टेनलेस स्क्रूबद्दल सावधच सल्ला देतात, तो याचसाठी.

मात्र पत्रा निव्वळ ॲल्युमिनियमचा असेल तर उत्तर उलटं. तिथं ३०४ च घाला. जस्ताच्या मुलाम्याचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या सहवासात आधी स्वतः संपतो, मग उघडं लोखंड आणि ॲल्युमिनियम समोरासमोर येतात आणि भोकाभोवती पांढरी भुकटी सुटायला लागते. ॲल्युमिनियम उन्हात पोलादाच्या दुप्पट फुगतं हेही ध्यानात ठेवा. लांब पत्र्याला भोक जरा सैल आणि वॉशर मोठं लागतं.

तांब्याचं सांगायचं राहिलं. गच्चीवरच्या सोलर हीटरचं किंवा तांब्याच्या नळीचं पाणी पत्र्यावर ठिबकत असेल तर ते आधी बंद करा. त्या पाण्यातून तांब्याचे कण उतरतात आणि पत्र्याचा थर ओघळाच्या रेषेत खातात. असा ओघळ दिसला की लोक स्क्रूला शिव्या देतात. स्क्रूचा त्यात काही संबंध नसतो.

मिस्त्रीचं सिलिकॉन

गंजलेल्या डोक्यावर सिलिकॉन मारणं म्हणजे गळूवर पट्टी बांधण्यासारखं आहे. गंज आत चालूच राहतो, फक्त दिसत नाही. शिवाय बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या ट्यूबला लोणच्याच्या व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. वाळताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते जस्ताच्या थराला लागतं. घ्यायचंच तर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. त्याला तो वास नसतो. तेही पत्र्याच्या जोडात, रिजच्या (छताच्या माथ्याच्या) टोकाला, गटरच्या सांध्यात वापरायचं. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर टोपी घालायला ते नाही. बरोबर बसलेल्या स्क्रूला सिलिकॉनची गरजच नसते.

मिस्त्रीच्या बाजूनं एवढं म्हणेन की पाऊस तोंडावर आला असेल आणि स्क्रू बदलायला वेळ नसेल तर एका हंगामाची सोय म्हणून ते चालेल.

मग घ्यायचं काय

तुमच्या घरासाठी मी हे घेईन: कार्बन स्टीलचाच स्क्रू, पण जाड, अनेक पदरी लेपाचा. खाली जस्त, त्यावर रासायनिक थर आणि वर भट्टीत भाजलेला लेप, अशा रचनेचे स्क्रू ‘रस्पर्ट’ नावानं किंवा तशा प्रकारच्या इतर नावांनी मिळतात. दुसरा प्रकार झिंक-ॲल्युमिनियम फ्लेकच्या लेपाचा. दोन्ही दिसायला मळकट करडे किंवा रुपेरी असतात, आरशासारखे चमकत नाहीत. खोक्यावर लेपाचं नाव आणि सॉल्ट स्प्रे चाचणीचे तास लिहिलेले असतात. १००० तास लाल गंज नाही, असं लिहिलेलं असेल तर तुमच्या भागाला तो योग्य. काही खोक्यांवर ऑस्ट्रेलियन मानकाप्रमाणे ‘क्लास ३’ किंवा ‘क्लास ४’ असतं. तुम्हाला क्लास ३ पुरतो, क्लास ४ समुद्रकाठासाठी आहे.

या तासांचा अर्थ वर्षांत काढू नका. १००० तास म्हणजे अमुक वर्षं असं गणित बसत नाही, कारण चाचणीच्या पेटीत कायम खारं धुकं असतं आणि आपल्या पत्र्यावर ओल-वाळ, ऊन-धूळ असं चक्र चालतं. दोन स्क्रूंची तुलना करायला मात्र तो आकडा उपयोगी पडतो. तुलना घरीही करता येते. दोन दुकानांतले चार-चार स्क्रू आणा, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवा, फडकं वाळू देऊ नका. साधा मुलामा आधी पांढरट पडतो, मग लाल ठिपके दाखवतो. लेपाचा स्क्रू त्यावेळी जसाच्या तसा असतो. सुटे, किलोवर विकले जाणारे, खोक्याशिवायचे स्क्रू मी असे तपासल्याशिवाय घेत नाही.

रंगीत डोक्याच्या स्क्रूंचा एक मोठा गैरसमज आहे. पत्र्याच्या निळ्या रंगाला जुळणारं निळं डोकं म्हणजे गंजरोधक, असं नाही. रंगाखाली तोच ५ मायक्रॉनचा मुलामा असू शकतो. मशीनला लावलेल्या झिजलेल्या सॉकेटनं तो रंग कोपऱ्यांवर पहिल्याच दिवशी उडतो आणि पुढच्या पावसाळ्यात निळ्या पत्र्यावर लाल टिकल्या दिसतात.

पैशाचं बोलू. मधल्या ओळींत एक सोडून एक उंचवटा आणि कडेच्या ओळींत प्रत्येक उंचवटा धरला तर चौरस मीटरला सहाच्या आसपास स्क्रू लागतात. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे साडेपाचशे-सहाशे नग. एका नगामागे चार रुपयांचा फरक धरला तरी सगळा मिळून दोन-अडीच हजार. शेडच्या खर्चात हा आकडा कुठं हरवतो ते कळतही नाही. आणि सहा वर्षांनी माणसं चढवून सहाशे स्क्रू बदलायची मजुरी किती होते ते तुम्ही आता विचारालच.

वॉशर, म्हणजे गळतीचं खरं कारण

तुमच्या प्रश्नात गंज आणि गळती एकत्र आल्या आहेत, पण त्या बहुतेक वेळा वेगळ्या असतात. डोकं लाल झालं तरी ते लगेच गळत नाही. गळतं ते डोक्याखालचं रबर मेलं म्हणून. चांगलं वॉशर ईपीडीएम रबराचं असतं, ते ऊन सोसतं. स्वस्त स्क्रूखाली कसलंही काळं रबर किंवा पीव्हीसी असतं आणि ते चार उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं. नखानं दाबून बघा: खड्डा पडून परत वर आलं तर जिवंत, नख सरकलं किंवा चुरा निघाला तर मेलेलं. ईपीडीएम लोखंडी टोपीला चिकटवलेलं असावं, नुसतं ओवलेलं नको. काजळी जास्त घातलेलं रबर वीज वाहतं आणि ओलीत स्वतःच पत्र्याचा थर झिजवायला मदत करतं, म्हणून करड्या रंगाचं वॉशर मिळालं तर मी ते पसंत करतो.

उत्तम वॉशरही बसवणारा मारू शकतो. मशीन पूर्ण जोरात धरून स्क्रू आवळला की रबर टोपीबाहेर फुगून पसरतं आणि पत्र्याला वाटीसारखा खळगा पडतो. त्या वाटीत पाणी बसतं. कमी आवळला तर खालून हवा जाते. रबर टोपीच्या कडेपर्यंत यावं, बाहेर येऊ नये. त्यासाठी खोलीची मर्यादा ठरवता येणारं स्क्रू मशीन लागतं. ठोकत फिरणारं इम्पॅक्ट मशीन वेगात काम उरकतं, पण डोक्यावरचा लेप खरवडतं. लेपाच्या स्क्रूला पैसे मोजायचे आणि तो इम्पॅक्टनं मारायचा, यात काही अर्थ नाही. स्क्रू तिरका गेला तर वॉशरची एक बाजू उघडी राहते. त्यावर उपाय एकच, काढून परत सरळ मारणे.

जागेबद्दल आपल्याकडे वाद कमी आहे. छतावर उंचवट्यावर मारायचा, पन्हळीत नाही, कारण पाणी पन्हळीतून वाहतं. उंचवटा २८-३० मिलिमीटरचा असेल आणि खाली दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा पर्लिनचा पाईप असेल तर ५५ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. पाईपच्या खाली निदान तीन आटे दिसले पाहिजेत.

काढून बघा, मग ठरवा

सगळे स्क्रू एकदम बदलायच्या आधी पाच-सहा ठिकाणचे काढा: रिजजवळचा, मधला, वळचणीचा, घराचा, गोठ्याचा. डोकं लाल आणि वॉशरखालची दांडी स्वच्छ असेल तर फक्त मुलामा संपलाय, वॉशर काम करतंय, तुमच्या हातात एखादं वर्ष आहे. दांडी बारीक झालेली, सोललेली दिसली तर पाणी आत जातंय, ते आधी बदला. डोकं आणि दांडी दोन्ही ठीक आणि तरीही पत्र्यावर तांबडे ठिपके विखुरलेले असतील तर ते स्क्रूचे नाहीतच. भोक पाडताना उडालेला लोखंडी कीस किंवा ग्राइंडरनं पत्रा कापताना उडालेल्या ठिणग्या पत्र्यावर चिकटून गंजल्या आहेत. काम झालं त्याच संध्याकाळी मऊ झाडूनं पत्रा झाडला असता तर हे झालं नसतं. पत्रा कात्रीनं किंवा निबलरनं (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्रानं) कापावा, ग्राइंडरनं कधीच नाही. ग्राइंडरच्या उष्णतेनं कडेचा थर जळतो.

कधीकधी गंज काहीच नसतो आणि स्क्रूचं डोकं तुटून पन्हाळात पडलेलं सापडतं. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि स्क्रू प्रमाणाबाहेर कडक असेल तर तो काही दिवसांनी ताणाखाली ठिसूळपणे मोडतो. अशी डोकी सापडली तर ती सगळी खेप बदला, मोजत बसू नका. वाऱ्याच्या दिवशी पत्रा उडतो तो अशाच छताचा.

बदलताना त्याच मापाचा नवा स्क्रू जुन्या भोकात मारू नका. पाईपमधलं भोक सैल झालेलं असतं आणि आटे धरत नाहीत. जुना ५.५ मिलिमीटरचा असेल तर नवा ६.३ चा घ्या, वॉशर मोठं घ्या. पत्र्याचं भोकच गंजून वाढलं असेल तर तिथं चांगल्या थराच्या पत्र्याचं ठिगळ आणि खाली ब्यूटाइलची (चिकट रबराची) टेप लावा. वळचण, रिज आणि दोन्ही बाजूंच्या कडा आधी घ्या, कारण वाऱ्याची ओढ तिथंच जास्त असते. मधला भाग एका उन्हाळ्यानं पुढं ढकलला तरी चालेल.

जुन्या घराच्या लाकडी वाशांवर पत्रा असेल तर हे सगळं थोडं बदलतं. लाकडाला ड्रिलच्या टोकाचा नाही, टोकाला चीर असलेला जाड आट्यांचा स्क्रू लागतो आणि तो लाकडात निदान ३५ मिलिमीटर गेला पाहिजे. वाशांना तांब्याच्या क्षारांचं वाळवीरोधक औषध लावलेलं असेल तर साधा जस्ताचा मुलामा त्यात टिकत नाही.

गोठा वेगळा धरा

घराला सांगितलं तेच गोठ्याला लागू होईल असं मी म्हणणार नाही. गोठ्यात खालून अमोनिया येतो, जनावरांच्या श्वासाची वाफ येते, आणि पत्र्याची खालची बाजू पावसानं कधीच धुतली जात नाही. अमोनिया आणि ओल मिळून तयार होणारं अल्कधर्मी पाणी ॲल्युमिनियमला सोसत नाही. म्हणूनच जनावरांच्या बंदिस्त इमारतींवर गॅल्व्हल्यूमची हमी कंपन्या सहसा देत नाहीत. तुमचा गोठा चारी बाजूंनी उघडा असेल तर फारशी काळजी नको. पावसाळ्यात ताडपत्री लावून बंद करत असाल तर वरच्या झुळुकीला, रिजखाली, जागा ठेवा. एवढ्या एका गोष्टीनं स्क्रूचं आयुष्य जितकं वाढतं तितकं महागड्या लेपानंही वाढत नाही. गोठ्यातला स्क्रू वरून धडधाकट दिसतो आणि खालच्या आट्यांना सडतो, म्हणून तपासणी खालून करा. पाईपखाली आलेलं टोक लाल असणं स्वाभाविक आहे, भोक पाडताना तिथला लेप घासला जातोच. पाईपला लागून असलेले आटे खाल्ले गेलेत का ते बघायचं. पुढं कधी गोठ्याचे पत्रे बदलायची वेळ आली तर दोन्ही बाजूंना रंगाचा थर असलेला पत्रा घ्या.

पत्र्याखाली काय आहे याला मी इतकं महत्त्व देतो ते तासगावकडच्या बेदाणा शेडांमुळं. तिथं पाऊस तुमच्या दहाव्या हिश्शाएवढा, पण बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या बंद खोलीवरचे स्क्रू कोयनेच्या स्क्रूंपेक्षा आधी जातात. गंधकाचा धूर आणि रात्रीचं दव यांचं आम्ल होतं आणि जस्त त्यापुढं टिकत नाही. त्याच शेतकऱ्याच्या त्याच वर्षीच्या, बेदाणा वाळवायच्या रॅकवरच्या छताचे स्क्रू मात्र नव्यासारखे असतात. साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या बाजूला असलेल्या घरांवर काजळी आणि राख बसते, ती ओल धरून ठेवते. तिथं उपाय स्क्रूचा नाही, दिवाळीनंतर दोन-तीनदा पाण्यानं छत धुण्याचा आहे.

तर तुमच्यापुरतं एका दमात सांगायचं झालं तर: घरावर १००० तासांचा, लेपाचा, कार्बन स्टीलचा ६.३ मिलिमीटरचा स्क्रू, चिकटवलेल्या ईपीडीएम वॉशरचा, जुन्या भोकात. गोठ्यावरही तोच, पण आधी हवा खेळती करून. एसएस नको, सिलिकॉनच्या टोप्या नकोत. काम मार्च-एप्रिलमध्ये करून घ्या, मे महिन्यात वळीव कधी येईल सांगता येत नाही आणि ओल्या पत्र्यावर माणूस चढवायचा नसतो. चढणाऱ्याला पाय पर्लिनच्या ओळीवरच ठेवायला सांगा.

आणि गोठ्यावर काम चालू असताना जनावरं बाहेर बांधा, गव्हाणीवर ताडपत्री टाका. काढलेले स्क्रू आणि ड्रिलचा कीस वैरणीत पडला तर गाय तो चाऱ्याबरोबर गिळते आणि अणकुचीदार लोखंड पोटाच्या जाळीतून थेट हृदयाच्या आवरणापर्यंत जाऊ शकतं. संध्याकाळी मोठं चुंबक दोरीला बांधून गव्हाण आणि अंगण दोन्हीवरून फिरवा, मगच जनावरं आत घ्या.